रोलाँ, सिद की रुस्तुम : आधी कोणाला वाचावं?

मध्ययुगीन वीरकाव्यांची सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न असेल तर हे तिघे पुढे येतात: फ्रेंच रोलाँ, स्पॅनिश सिद आणि इराणचा रुस्तुम. शौर्यात कोणीच कमी नाही, तेव्हा त्यावरून निवडू नका. राजाशी कोण कसं वागतो ते पाहा.

आमचं मत स्पष्ट आहे: आधी सिद. सुमारे ३,७०० ओळी, तीन भाग. राजा अल्फोन्सो त्याला हद्दपार करतो, तरी हा राजावर शस्त्र धरत नाही. लढून व्हॅलेन्सिया जिंकतो आणि राजाला घोडे नजराणा पाठवतो. अनेकजण लढाया वाचतात आणि तोलेदोचा दरबार, म्हणजे राजापुढे सिद न्याय मागतो तो भाग, चाळून सोडतात. तिथेच हे काव्य सगळ्यांत बलवान आहे. जावयांनी त्याच्या मुलींना रानात मारझोड करून टाकून दिलेलं असतं. सिद आधी फक्त आपल्या दोन तलवारी परत मागतो. एवढ्यावरच सुटलो असं वाटून जावई त्या देऊन टाकतात. मग तो त्यांना दिलेले ३,००० मार्क (तेव्हाचं चलन) मागतो. पैसे उडवलेले, म्हणून घोडी-खेचरं देऊन भरपाई करावी लागते. द्वंद्वाचं आव्हान त्यानंतर. इतिहासातला खरा सिद, म्हणजे रोद्रिगो (मृत्यू १०९९), काही वर्षं सारागोसाच्या मुस्लिम राजाच्या पदरी होता. काव्य ते गाळतं.

रोलाँचं काव्य इ.स. ११०० च्या सुमाराचं, साधारण ४,००० ओळींचं. सम्राट शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी सांभाळताना रोलाँचा मित्र ऑलिव्हिए त्याला शिंग फुंकून सम्राटाला बोलवायला सांगतो. रोलाँ नावाला बट्टा लागेल म्हणून नकार देतो. अखेर फुंकतो तेव्हा माणसं संपत आलेली असतात. प्रत्यक्षात ७७८ साली ही पिछाडी कापली ती बास्क या डोंगराळ भागातल्या लोकांनी. काव्यात त्यांच्या जागी मुस्लिम फौज आहे. रोलाँ २,४०० व्या ओळीच्या आसपास मरतो आणि वाचक तिथेच पुस्तक मिटतात. रोलाँला दगा देणाऱ्या गानेलाँवरचा खटला मात्र शेवटी आहे, तो चुकवू नका.

रुस्तुमचं नाव कुस्तीच्या किताबामुळे आपल्या कानावर असतंच. पण त्याची कथा ज्यात आहे तो, १०१० साली पूर्ण झालेला शाहनामा सुमारे ५०,००० बैतांचा (दोन चरणांच्या कडव्यांचा). पहिल्या पानापासून धरला तर रुस्तुम जन्मायच्या आतच दम जातो. थेट रुस्तुमच्या मुलाचं, सोहराबचं प्रकरण उघडा, मग इस्फंदियारचं. पहिल्यात रुस्तुम ओळख लपवतो आणि नकळत पोटच्या पोराला मारतो; औषध राजा कावूसकडे असतं, पण बापलेक एकत्र आले तर आपलं सिंहासन जाईल या भीतीने तो देत नाही. दुसऱ्यात राजपुत्र इस्फंदियार आपल्या बापाच्या, म्हणजे राजाच्या हुकुमावरून रुस्तुमला बेड्या घालून न्यायला येतो. रुस्तुम त्याच्याबरोबर दरबारात यायला तयार असतो, फक्त बेड्यांशिवाय.