कर्करोगाच्या प्रसारावरील ऑनलाइन व्याख्यानमाला : एक अभिप्राय

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या या सशुल्क व्याख्यानमालेचा पहिला भाग पाठ्यपुस्तकी असला, तरी दुसरा भाग पैसे वसूल करून देतो. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी झाले की अर्बुदातील (कर्करोगाच्या गाठीतील) पेशी सुटी होते, प्रथिने तोडणाऱ्या विकरांच्या साहाय्याने खालचे आधारपटल (पेशींच्या थराखालचा पातळ पडदा) भेदते आणि रक्तवाहिनीत शिरते, हा प्रवास सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रफितींतून इतक्या सावकाश दाखवला आहे की पेशीच्या पुढच्या कडेला फुटणारे छद्मपादही (पायांसारखे तात्पुरते फुटवे) स्पष्ट दिसतात. रक्तात उतरलेल्या बहुतेक पेशी मरतात, हेही कर्करोग-संशोधक आयझाया फिडलर यांच्या १९७० च्या उंदरांवरील प्रयोगाच्या आधारे नीट पटवले आहे.

तिसऱ्या भागाबद्दल मात्र तक्रार आहे. इंग्लिश शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनकर्करोगाच्या ७३५ मृतांच्या नोंदी तपासून मांडलेला ‘बीज आणि माती’ हा विचार (कर्करोगाची पेशी हे बीज, ते अनुकूल अवयवाच्या मातीतच रुजते) व्याख्याते रंगवून सांगतात. पण आतड्याचा कर्करोग प्रथम यकृतात का पोहोचतो, याचे बरेचसे उत्तर आतड्याचे रक्त थेट यकृताकडे नेणाऱ्या प्रवेशिका शिरेत आहे, याचा उल्लेख दोन वाक्यांत उरकला जातो. (प्रसाराची दिशा रक्तप्रवाहाच्या मार्गावरून ठरते असे मांडणाऱ्या जेम्स युइंग यांचे तर नावही नाही!) पडद्यावरील उपशीर्षकांचा मराठी पर्याय यंत्राने केलेला असल्याने तो बंद ठेवून ऐकणेच सोयीचे.