सकाळच्या मोकळ्या वेळात इंट्राडे: काही महिन्यांनंतरचा हिशोब

संध्याकाळी मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, आठवी ते दहावी. सकाळी डबे गेले की दुपारपर्यंत वेळ मोकळा असतो. त्या वेळात चार पैसे सुटतील म्हणून इंट्राडे, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकणं, शिकायला घेतलं. घरात कुणी शेअरबाजारातलं नाही, त्यामुळे क्लास लावण्यापासून सुरुवात. यासाठी पन्नास हजार वेगळे काढले आणि ते घरखर्चाच्या खात्यापासून लांब ठेवले. आता बरेच महिने झालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

क्लासच्या जाहिरातीतला सगळ्यात फसवा शब्द ‘सवडीनुसार’. बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो, आणि त्यातलाही सगळा वेळ सारखा नसतो. खरी हालचाल पहिल्या तासा-सव्वा तासात आणि मग अडीचनंतर. साडेअकरा ते दीड-दोन भाव बहुतेक वेळा एका पट्ट्यात घुटमळतात आणि तिथे ब्रेकआउट (भाव पट्टा तोडून निघाला) समजून घेतलेले ट्रेड उलटे पडतात. म्हणजे सवड तुमची नाही, बाजाराची. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असेल त्या दिवशी सकाळी दहाला हातात पोझिशन (उघडा सौदा) नकोच. नऊ ते साडेदहा या वेळात मला दार उघडायलाही उठता येत नाही, आणि आमचा सिलिंडरवाला नेमका तेव्हाच येतो. नोकरी करून फोनवर इंट्राडे करणारे भेटतात. ते नोकरी नीट करत असतील असं मला वाटत नाही.

आता पैशांचं. क्लासमध्ये एंट्री (कुठे घ्यायचं), टार्गेट (कुठे नफा घ्यायचा), स्टॉप लॉस (कुठे तोटा थांबवायचा) सगळं घोटून घेतलं, पण कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरचं सौद्यांचं बिल, उघडून कुणी दाखवली नाही. माझा ट्रेड साधारण एक लाखाचा असतो. इंट्राडेला जास्तीत जास्त पाचपट मार्जिन मिळतं, म्हणजे आपल्या पैशांच्या पाचपट सौदा करता येतो, म्हणून त्यात माझे वीस हजार अडकतात. घेतलेल्या भावालाच विकलं तरी खर्च असा: ब्रोकरेज ऑर्डरला २० प्रमाणे ४० रुपये, विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) म्हणजे २५, एक्स्चेंजचा आकार सहाच्या आसपास, मुद्रांक शुल्क ३, आणि ब्रोकरेज व आकारावर १८ टक्के जीएसटी. बेरीज ८२ रुपये. शेअर पाचशेचा असेल तर ४१ पैसे वर गेल्यावर माझं शून्य सुरू होतं. ४१ पैसे म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दिवसाला पाच ट्रेड आणि महिन्याला वीस दिवस धरले तर ८,२०० रुपये होतात, माझ्या भांडवलाच्या सोळा टक्क्यांहून जास्त. तेही नफा-तोटा मोजायच्या आधी.

पुढचं गणित मी वहीत मांडलं. पाचशेचा स्टॉप लॉस आणि हजाराचं टार्गेट असेल तर खर्च न धरता तीनात एक ट्रेड बरोबर आला की भागतं. खर्च धरला की नफा ९१८ आणि तोटा ५८२, म्हणजे शंभरात ३९ बरोबर यावे लागतात. हेही जमण्यासारखं आहे. पण टार्गेट आणि स्टॉप लॉस दोन्ही पाचशे ठेवले तर ५९ लागतात, आणि दोन्ही अडीचशे ठेवून झटपट आत-बाहेर करायचं म्हटलं तर ६७. नवखा माणूस नेमका हाच शेवटचा प्रकार करतो, कारण छोटा नफा लगेच हातात आल्याचा आनंद असतो.

हे मांडल्यावर सेबीचे (बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) आकडे वाचले तेव्हा ते जिथल्या तिथे बसले. जुलै २०२४ मध्ये त्यांनी रोखीच्या, म्हणजे थेट शेअरमधल्या, इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात दहापैकी सात जणांना तोटा. वर्षात पाचशेपेक्षा जास्त ट्रेड करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के. तोटा झालेल्यांनी त्या तोट्याच्या आणखी ५७ टक्के रक्कम नुसत्या खर्चात घालवली. नफ्यातल्यांचा खर्च नफ्याच्या १९ टक्के होता. फ्युचर्स-ऑप्शनचं, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या करारांचं, चित्र याहून वाईट. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला. दहापैकी नऊ जणांना तोटा होतो ही पाटी ब्रोकरच्या ॲपवरही झळकते, आणि सगळे ती न वाचता पुढे सरकवतात. थोड्या पैशात मोठा डाव म्हणून क्लासवाले ऑप्शनकडे ढकलतात. मी गेले नाही, जाणारही नाही.

क्लासबद्दल नाव न घेता लिहिते. चार्ट वाचणं, व्हॉल्यूम (किती शेअरची उलाढाल झाली), व्हीवॅप (व्हॉल्यूम धरून काढलेला सरासरी भाव), ओपनिंग रेंज (बाजार उघडल्यावर सुरुवातीचा भावाचा पट्टा) हे चांगलं शिकवलं, नाकारत नाही. मात्र तिसऱ्या आठवड्यापासून शिकवणं मागे पडलं आणि ‘ताई, हा घ्या, आता घ्या’ सुरू झालं. शिवाय टेलिग्रामचा वेगळा पैसे भरून ग्रुप. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केलं होतं की जो फक्त शिकवतो त्याने किमान तीन महिने जुने भाव वापरावेत. त्यामुळे कुठल्याही क्लासला फी भरण्याआधी एक तास बसून बघा. चालू बाजारात अमुक शेअर घ्या म्हणत असतील तर सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. आमच्या सरांनी त्या प्रश्नावर विषय बदलला. चार्टचं तंत्र फुकटातही शिकता येतं; वेळ जास्त लागतो इतकंच.

हाताळताना कळलेल्या दोन गोष्टी. शॉर्ट (आधी विकून नंतर परत घेणं) करायचं तर ज्या शेअरला फ्युचर्स आहेत त्यातच करते, कारण त्यांना ठरावीक सर्किट (दिवसातली भावाची मर्यादा) नसतं. लहान शेअर शॉर्ट केला आणि तो वरच्या सर्किटला बंद झाला तर परत घ्यायला विकणाराच मिळत नाही, प्रकरण लिलावात जातं, म्हणजे ते शेअर एक्स्चेंजच्या लिलावातून आणले जातात, आणि दंड बसतो. दुसरं, सव्वातीनच्या सुमाराला ब्रोकर उरलेली पोझिशन स्वतः कापतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. माझ्याकडे ५० रुपये अधिक जीएसटी. तीन वाजताच बाहेर पडलेलं बरं.

निकाल विचाराल तर खर्चाआधी मी थोडी नफ्यात आहे आणि खर्चानंतर जवळजवळ जागच्या जागी. एवढे महिने देऊन भांडवल शाबूत आहे हे वाईट नाही, पण याला उत्पन्न म्हणणार नाही. शेजारच्या काकू ‘महिन्याला किती सुटतात गं?’ विचारतात, तेव्हा खरं सांगितलं तरी मी लपवतेय असंच त्यांना वाटतं. आता आठवड्यात दोन-तीन दिवस, दिवसाला एकच ट्रेड घेते. बाजार वाचायची गोडी लागली आहे, ती खरी. मोकळ्या सकाळीसाठी मात्र मी नववीची एक बॅच धरली आहे, साडेदहापासून. तिचे पैसे महिन्याच्या पाच तारखेला येतात.

कराचं आधीच माहीत असू द्या. रोखीतल्या इंट्राडेचा नफा हा सट्ट्याचं व्यवसाय उत्पन्न धरला जातो, त्यामुळे साधं रिटर्न चालत नाही, आयटीआर-३ भरावं लागतं. तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो, पुढे चार वर्षं नेता येतो, तेही रिटर्न मुदतीत भरलं तरच. आमच्या सीएंनी फी वाढवून सांगितली आहे. भांडवल किती लागेल हे ठरवताना तीही धरा.