मनगटाचा रात्रीचा पट्टा: पाच महिने वापरल्यानंतरचे मत

कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफी पेढ्यांसाठी साज आणि मंगळसूत्रे गाठवून देण्याचे काम मी गेली २२ वर्षे घरी बसून करते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोरा ताणून धरायचा, मनगट आत वळवायचे आणि गाठ बसवायची, हे दिवसातून शेकडो वेळा होते. गेल्या दिवाळीच्या कामानंतर उजव्या हाताने रात्री झोपू देणे बंद केले. दोन-अडीचच्या सुमारास अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या आणि आग यांनी जाग यायची, अधूनमधून करंट बसल्यासारखी कळ कोपरापर्यंत चढायची आणि अंथरुणावर बसून हात झटकला की थोडे बरे वाटायचे. करंगळी मात्र शांत असायची. मी दोन नळ्या मलम आणि बऱ्याच वेदनाशामक गोळ्या संपवल्या, त्यांनी काडीचाही फरक पडला नाही.

फरक का पडला नाही, हे पुढे डॉक्टरांकडे गेल्यावर कळले. दुखण्याचे नाव कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटात हाडे आणि एक चिवट पट्टबंध यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह हा मज्जातंतू जातो. कंडरांची आवरणे सुजली की नर्व्ह चेपली जाते. करंगळीची संवेदना दुसऱ्या नर्व्हकडे असल्यामुळे ती सुटते. डॉक्टरांनी सात प्रश्न विचारले (आग होते का, बोचरा गारवा जाणवतो का, मुंग्या, बधिरपणा, खाज वगैरे) आणि तीन गोष्टी त्वचेला स्पर्श करून तपासल्या. दहापैकी चार किंवा अधिक ठिकाणी होकार आला तर वेदना सांध्याची नसून मज्जातंतूची असण्याची शक्यता बळावते. माझे सहा आले. अशा वेदनेवर सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. मग साखर आणि थायरॉइड तपासले, दोन्ही ठीक निघाले. एनसीव्ही चाचणीत, म्हणजे मनगटावर विजेचे छोटे झटके देऊन नर्व्हचा वेग मोजण्यात, बिघाड मध्यम दिसला. माझ्या रात्री मात्र मध्यम नव्हत्या. चाचणीतला आकडा आणि वेदनेची तीव्रता नेहमी जुळतेच असे नाही, हे डॉक्टरांनी आपणहून सांगितले, त्यामुळे घरातल्यांपुढे मला माझ्या दुखण्याची बाजू मांडावी लागली नाही.

आता पट्ट्याविषयी. राजारामपुरीतल्या एका दुकानातून साडेचारशे रुपयांना घेतला. निळे कापड, तीन वेल्क्रो, अंगठ्यासाठी मोकळी जागा आणि तळव्याच्या बाजूला खिशात सरकवलेली ॲल्युमिनियमची पट्टी, अशी साधी रचना आहे. दुकानदाराने मनगटाचा घेर मोजून आकार दिला, हे बरे केले. पहिले आठ दिवस मी तो दिलेल्या अवस्थेतच रात्रभर घातला आणि त्रास वाढला. मला वाटले, घट्ट बांधत असेन, म्हणून सैल केला, तरीही तेच. फिजिओथेरपिस्टने पट्टा हातात घेऊन एका नजरेत दोष सांगितला: आतली पट्टी मागच्या बाजूला वीस-पंचवीस अंश वाकवलेली होती. अशी घडण मनगट लुळे पडून खाली लोंबते त्या विकारासाठी उपयोगी असते. बोगद्यातला दाब मात्र मनगट सरळ असताना सर्वांत कमी असतो, आणि ते पुढे वाकवा अथवा मागे, दाब वाढतोच. त्यांनी पट्टी बाहेर काढून टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सपाट केली. एका मिनिटाचे काम, पण दुकानात कोणी सांगितले नाही आणि डब्यावरही काही लिहिलेले नव्हते. हाच दोष मी या वस्तूला सर्वांत मोठा मानते.

सरळ केलेल्या पट्टीसह तिसऱ्या आठवड्यापासून फरक पडू लागला. आधी रात्रीतून तीन-चार वेळा उठत असे, दीड महिन्यानंतर आठवड्यातून एखाद-दोनदा. झोप लागली की दुसऱ्या दिवशीची आगही कमी जाणवते, असा माझा अनुभव. मधल्या बोटाच्या टोकाचा बधिरपणा मात्र अजून पुरता गेलेला नाही आणि बारीक मणी उचलताना मणी दिसतो, पण बोटाला जाणवत नाही, हाच त्याचा त्रास. पट्टा दाब कमी करतो, दुखावलेली नर्व्ह तिच्या गतीनेच सावरते. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला किंवा वस्तू हातातून सुटू लागल्या, तर पट्ट्यावर महिने घालवू नका, शस्त्रक्रियेचे मत घ्या, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

दिवसा कामाला हा पट्टा निरुपयोगी आहे. तो घालून गाठ बसत नाही, आणि घातलाच तर खांद्याने जोर लावावा लागतो. एप्रिलमध्ये घामाने आतले कापड कुबट झाले. पट्टी काढून साबणाने धुतला की उन्हात दोन तासांत वाळायचा, आता पावसाळ्यात दोन दिवस दांडीवर लोंबतो, म्हणून दुसरा घेऊन ठेवला आहे. तो घेताना दुकानातच पट्टी बाहेर काढायला लावली आणि काउंटरवर ठेवून सरळ आहे की नाही ते पाहिले. दुकानदाराला ते विचित्र वाटले असावे. खिशाची शिवण पहिल्या पट्ट्यात चौथ्या महिन्यात उसवली, ती मी साज गाठवायच्या रेशमी दोऱ्याने पक्की केली आहे.