निकॉन २००-५०० : रापणीवरच्या पाखरांसाठी

हिवाळ्यात गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर कुरव (सीगल) टिपायला मी ही २०० ते ५०० मिमीची झूम लेन्स वापरलेली, जुनी घेतली. २०१५ साली बाजारात आलेली, वजनाला जवळपास २.३ किलो. फोटो किती रेखीव येतो यावर सगळीकडे पानंच्या पानं लिहिलेली सापडतील. ५०० वर पूर्ण उघडी ठेवूनही पिसं सुटी दिसतात, एवढं माझ्यापुरतं पुरे. मला ती आवडते ती तिच्या ॲपर्चरसाठी, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाच्या मापासाठी. झूम कुठेही असो, एफ ५.६ हलत नाही.

याचं मोल रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना कळतं. जाळं काठाला लागत आलं की कुरव आणि ब्राह्मणी घारी तारल्यांवर तुटून पडतात. त्यात पॅलासचा कुरव म्हणजे थोराड पाखरू, पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास. आत्ता उजळ आभाळावर, लगेच काळपट पाण्यावर, पुढच्या फेरीला फेसावर. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं करडंच करायचं असतं, त्यामुळे आभाळावर पक्षी कोळसा होतो आणि पाण्यावर त्याची पांढरी पिसं जळतात. दर झेपेला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरनं ठरवलेल्या उजेडातली दुरुस्ती) अधिक-उणे करत बसायला सवड कुणाला आहे? पक्ष्यावर पडणारं ऊन मात्र तेच असतं, म्हणून मॅन्युअल, म्हणजे सगळी मापं आपणच ठरवून ठेवायची.

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून, त्यामुळे सकाळी सूर्य आयताच पाठीशी. ऊन जरा वर आलं की १/३२००, एफ ५.६, आयएसओ ४००. ऑटो आयएसओ बंद. तो चालू राहिला तर कॅमेराच आयएसओ बदलत राहतो आणि मॅन्युअल नावापुरतंच. मग वाळूवर बसलेल्या कुरवाचा एक फोटो. छातीची पांढरी पिसं स्क्रीनवर लुकलुकली (जळालेला भाग कॅमेरा असा दाखवतो) तर शटरचा वेग एकेक पायरी वाढवायचा, लुकलुक थांबली की त्याला हात लावायचा नाही. फेब्रुवारीकडे या कुरवाचं डोकं काळं कुळकुळीत होतं आणि त्यातला डोळा दिसावा म्हणून उजेड वाढवायचा मोह होतो. वाढवू नये. काळ्यातलं रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून) बरंच वर काढता येतं, जळालेलं पांढरं गेलं ते गेलंच. पंखाखालची सावलीही कोरड्या वाळूवरून जाताना वाळूच्या उजेडानं आपसूक खुलते, तेव्हा अशा फेरीची वाट पाहावी.

(रापणीच्या दोरीच्या आत उभं राहू नका. ‘बाय, मातशी कुशीक सर’ असं ऐकण्याआधीच बाजूला झालेलं बरं.)

तर ३०० वर पक्षी शोधायचा, ५०० वर टिपायचा, आणि मध्ये एक्स्पोजर जागचं हलत नाही. ५ ते ६.३ अशा बदलत्या ॲपर्चरच्या झूममध्ये एफ ६.३ लावून ठेवलं की तेच साधतं, पण ५.६ पेक्षा थोडा कमी उजेड हाती राहतो.

झूमची कडी फार फिरवावी लागते. २०० वरून ५०० एका वळशात होत नाही. मी ३०० च्या खाली सहसा येतच नाही. फोकस विजेसारखा नाही, म्हणून मर्यादेचं बटण ६ मीटर ते अनंत असं ठेवावं. या शटरला व्हीआरची (हात हलल्याचा परिणाम कमी करणाऱ्या सोयीची) गरज नसते, तरी स्पोर्टवर ठेवलं की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर राहतं. झूम करताना नळी बाहेर येते, आणि खारी हवा तिच्यावर बसतेच. घरी आल्यावर आधी ओलसर फडक्यानं, मग कोरड्यानं पुसायची, त्यानंतरच आत ढकलायची. पुढच्या काचेला ९५ मिमीचा फिल्टर लागतो, तो स्वस्त नाही.

निकॉनचा २०१० नंतरचा डीएसएलआर असेल तर बिनधास्त घ्या. निकॉनचा झेड (आरशाविनाचा) कॅमेरा असेल तर ॲडॅप्टर लावून हीच चालते, नाहीतर २०२३ ची १८०-६०० पाहा. तिची नळी बाहेर येत नाही, समुद्रकाठी हे सुख मोठं आहे. फक्त लांबच्या टोकाला ती ६.३ वर जाते, तेव्हा सुरुवातीलाच ६.३ लावून मोकळं व्हा.