परलोकातली प्रेमकथा: मे महिन्यातला माळ की फेब्रुवारीतलं ऑफिस?

दहा-बारा मिनिटांची शॉर्टफिल्म, मेल्यावर एकमेकांच्या प्रेमात पडलेली दोन माणसं आणि हसता हसता घशात आवंढा यावा असा विनोद. नागपुरात हे करायचं तर परलोक उघड्या माळावर उभा करायचा की ऑफिसच्या चार भिंतींत, हे आधी ठरवावं लागतं. कॅमेरा, महिना, कपडे, आवाज, सगळं त्यावरच ठरतं.

दोन्ही वाटांवर आधी कुणीतरी चालून गेलेलं आहे. 2006 च्या ‘रिस्टकटर्स’ या सिनेमातला परलोक म्हणजे आपलंच जग, फक्त जरा बिघडलेलं: रंग उडालेले, आकाशात तारे नाहीत, कुणालाच हसता येत नाही. जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदाच्या 1998 च्या ‘आफ्टर लाइफ’मध्ये एक जुनाट इमारत आहे, आठवडाभराचा मुक्काम आहे आणि आयुष्यातली एकच आठवण निवडायची आहे. दोन्हीकडे परलोकाचा एक कडक नियम आहे. तुमचा नियम ठरल्याशिवाय लोकेशन बघायला निघू नका. हसता न येणं चेहऱ्यावर दिसतं, त्याला माळ चालतो. यादीत नाव नसणं कागदावर दिसतं, त्याला टेबल लागतं. ‘रिस्टकटर्स’मधली माणसं स्वतःहून जीव दिलेली आहेत, तेवढं मात्र उचलू नका. विदर्भात ती जखम फार जवळची आहे आणि विनोद तिच्यावर मीठ चोळतो. उष्माघात, कूलरचा शॉक, लग्नाच्या पंगतीत लागलेला ठसका असली मरणं पुरेशी आहेत.

माळाचा सगळ्यात मोठा फायदा नागपूरला फुकट मिळालेला आहे. शहर साधारण 21.1 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे 26 मेच्या आसपास दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तेव्हा नाहीशी होते. माणसाची सावली पायांपाशी गोळा होते, बाजूला पडत नाही. मेलेल्याला सावली नसते हे संवादाशिवाय सांगणारा असा शॉट, जुलैच्या मध्यावरचे पावसाळी दिवस सोडले तर, दुसऱ्या कुठल्या वेळी मिळणार नाही. आधीची आणि नंतरची वीस-वीस मिनिटं धरा. तेवढ्यात पावणेसहा फुटी माणसाची सावली जेमतेम 14 सेंटिमीटर सरकते. एक-दोन दिवस पुढेमागे झाले तरी चालतं, आणि ढगांचा भरवसा नसल्याने तेवढे दिवस हाताशी ठेवाच.

बिघडतं ते चेहऱ्यावर. ऊन वरून आलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. चार बाय तीन फुटांची पांढरी थर्माकोलची शीट कमरेखाली, फ्रेमच्या बाहेर आडवी धरा, डोळे उजळतात.  पारा 45 च्या घरात असताना फोन आणि छोटे कॅमेरे तापून रेकॉर्डिंग बंद करतात. दोन टेकच्या मध्ये छत्रीखाली ठेवा, पण बर्फाच्या पेटीत नको; बाहेर काढल्यावर लेन्सवर दव धरतं. बाकीचे सीन सकाळी 6 ते 9 मध्ये उरका. माइकला केसाळ कव्हर नसेल तर वाऱ्यात संवाद वापरण्याजोगे राहत नाहीत. ड्रोन ठरवण्याआधी विमानतळाचा आणि वायुसेनेचा परिसर नकाशावर बघून घ्या.

ऑफिससाठी फेब्रुवारी-मार्च, आणि त्याचं पहिलं कारण आवाज. एप्रिलपासून गल्लीगल्लीत कूलर सुरू होतात आणि ती घरघर खिडक्या लावल्या तरी आत येते. फेब्रुवारीत पंखा बंद ठेवूनही माणसं टिकतात. रिकामा हॉल घुमतो, म्हणून कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगा आणि कॅमेऱ्याची जागा बदलली की दर वेळी 30 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, एडिटमध्ये संवादांमधल्या फटी भरायला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. कॅमेऱ्यात सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचं शटर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटचे पट्टे पडद्यावर चढतात.

दुसरं कारण संत्रं. मृग बहाराचं, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलून धरलेलं संत्रं याच दिवसांत येतं. मेअखेरीस चांगलं ताजं फळ हाती लागणं कठीण. राखाडी परलोकात तेवढी एकच रंगीत वस्तू, तिनं सोलून त्याच्या पुढ्यात ठेवलेली, आणि दोघांनाही चव न लागणारी: एवढ्यावर अख्खा सीन उभा राहतो. पण एडिटमध्ये बाकीचे रंग उडवताना फसगत ठरलेली. आपल्या त्वचेचा रंग नारिंगीच्याच पट्ट्यात येतो, त्यामुळे संत्रं वेगळं निवडायला गेलं की हात आणि गालही रंगीत राहतात. मुख्य शॉटमध्ये फळ हातात देऊ नका. स्टीलच्या ताटलीत, करड्या फाइलवर ठेवा आणि मास्क, म्हणजे रंग राखायच्या भागाची रेघ, तेवढ्यापुरताच आखा. कपड्यांतून लाल, भगवा, पिवळा आधीच काढून टाका.

संवादांतही ऑफिस वरचढ ठरतं. नागपुरी बोलीतला काळा विनोद बसून, निवांत आवाजात जास्त लागतो. “अरे बाप्पा, तुमचं नाव तर उद्याच्या यादीत आहे. आजच काहून आले?” हे वाक्य क्लार्कने मान वर न करता बोलायचं. माळावर हेच ओरडून म्हणावं लागेल आणि मरून जाईल.

पहिलीच फिल्म असेल तर ऑफिस घ्या. पाच-सहा जणांची टीम, दोन दिवस, एकच खोली. प्रेमासाठी लागणारी जवळीक तिथे आपोआप मिळते. कलाकार भाषेपेक्षा चेहऱ्याने जास्त बोलणारे असतील आणि संवाद दोन पानांत बसत असतील तरच माळ निवडा. दोन्ही हवंच असेल तर फिल्म फेब्रुवारीत पूर्ण करा आणि सावली नसलेला तो एक शॉट मेसाठी राखून ठेवा. मात्र तोवर तीन महिने जातात, केस वाढतात, उन्हाने चेहरे रापतात. कपडे न धुता पिशवीत बांधून ठेवा, दोघांचे समोरून आणि बाजूने फोटो काढा आणि मेचा शॉट लांबून, पाठमोरा ठेवा.