मुब्विंडीची पक्षीफेरी: व्हाइट-स्टार्ड रॉबिनसाठी घ्यावी का?

युगांडातल्या ब्विंडी अरण्यात रुहिजा गावाहून मुब्विंडी दलदलीपर्यंत उतरणारी ही फेरी खपते ती हिरवा ब्रॉडबिल या पक्ष्याच्या नावावर. मग होतं काय, की सगळे दलदल गाठायला पळत सुटतात आणि वाटेतला व्हाइट-स्टार्ड रॉबिन बघायचा राहून जातो.

हा आपल्या दयाळाच्याच कुळातला कीटकखाऊ पक्षी, पण त्याच्याहून लहान, 15-16 सेंमीचा. डोकं निळसर राखाडी, पोट पिवळंधमक. नावातले पांढरे ठिपके डोळ्यांपुढे एकेक आणि गळ्यावर एक. पण पक्षी निवांत असला की ते पिसांत दडतात. ठिपके शोधत बसू नका, उडताना शेपटीतला पिवळा रंग चमकतो तो बघा. पिल्लू तर वेगळाच पक्षी वाटतो: काळपट, अंगभर सोनेरी ठिपके.

मार्गदर्शक तयारीचे आहेत, नुसत्या आवाजावरून पक्षी सांगतात. रानहत्तींमुळे सोबत बंदूकधारी रेंजर असतो. तक्रार एकच, चालण्याच्या वेगाची. म्हणून निघण्याआधीच ठरवून घ्या, की लष्करी मुंग्या दिसल्या की अर्धा तास थांबायचं. मुंग्या पालापाचोळा उपसत पुढे सरकतात, किडे जिवाच्या भीतीने बाहेर पडतात आणि रॉबिन खालच्या फांदीवरून झेपावून एकेक टिपतो. पुन्हा त्याच फांदीवर. आपण रांगेपासून तीन-चार मीटर लांब, पँट मोज्यांत खोचून उभं राहायचं. रांगेत पाय पडला, तर पक्षी राहिला बाजूला, मुंग्या झटकत बसावं लागतं. मोबाइलवर रॉबिनची हाक वाजवू देऊ नका. मुंग्यांपाशी गरजच नसते.

दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) न्या. तिच्यातून डोळ्याला 5.25 मिमीचा प्रकाशझोत मिळतो, 10×42 मधून 4.2 मिमीचाच, आणि झाडीखालच्या काळोखात हा फरक चांगलाच जाणवतो. कॅमेऱ्याला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 3200 ते 6400 लागेल, फ्लॅश नको.

परतीचा चढ दमछाक करतो. रुहिजा सुमारे 2300 मीटरवर आहे, तेव्हा सपाटीवरचा दम इथे पुरत नाही. कॅमेऱ्याची पिशवी उचलायला स्थानिक पोर्टर घ्या, जेवणाचा डबा बांधून न्या. अख्खा दिवस जातो.

ब्रॉडबिलही हवा असेल तर पैसे वसूल. फक्त रॉबिनच बघायचा असेल, तर मार्गदर्शकाला सांगून सकाळी वरच्या जंगलातच रेंगाळा, उतरूच नका.