रेड एलमध्ये रोस्टेड बार्ली किती? ८ महिने आणि ७ बॅचनंतरचा अनुभव

आठ महिने झाले, घरी बिअर बनवताना आयरिश रेड एल या लालसर बिअरच्याच मागे लागलोय. सात बॅच झाल्या, प्रत्येक २० लिटरची, आणि सगळ्यात जास्त डोकं कशात गेलं असेल तर मूठभर काळ्या दाण्यांत, म्हणजे रोस्टेड बार्लीत. हे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) नाही बरं का, मोड न आणता थेट भाजलेलं जव असतं, स्टाउटला, म्हणजे काळ्या बिअरला, ती कोरडी कॉफीसारखी चव याच्यामुळेच येते. रेड एलमध्ये मात्र त्याचं काम वेगळं, रंग द्यायचा आणि शेवटचा घोट कोरडा करायचा, बस. हे कळायला मला तीन बॅच लागल्या.

पहिल्या बॅचला अंदाजाने २०० ग्रॅम टाकली. बेसला ३.७ किलो मॅरिस ऑटर (फिकं माल्ट), २०० ग्रॅम क्रिस्टल ६० (टॉफीसारखं गोड माल्ट), आणि ही. लाल काही आलं नाही, सरळ तपकिरी पोर्टर (गडद बिअर) झाली, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला जळक्या पावाच्या कडेसारखं काहीतरी चिकटून राहायचं. दुसरीला १०० ग्रॅम केली, सुधारली पण तरी तपकिरीकडेच झुकलेली. तिसरीला ६० ग्रॅम, आणि ग्लास खिडकीसमोर धरला तर कडेला डाळिंबी, मधे गडद तांबडा, अगदी हवा होता तस्सा. त्या दिवशी तो ग्लास मी कितीतरी वेळ नुसता उजेडात फिरवत बसलो होतो, प्यायचं राहूनच गेलं.

मग चौथ्या बॅचला गंमत झाली. तेच ६० ग्रॅम, तोच बाकी सगळा हिशोब, आणि बिअर आली फिकी, तांब्याच्या भांड्यासारखी. कारण पिशवी नवीन होती. जुनीवर रंग ५०० लोविबाँड (धान्याच्या रंगाचं एकक, आकडा जास्त तेवढं गडद) लिहिलेला, नवीनवर ३००. नाव दोन्हीवर एकच, रोस्टेड बार्ली. रेसिपीत नुसते ग्रॅम लिहिलेले असतात तिथे फसायला होतं ते इथेच. तेव्हापासून मी ग्रॅम गुणिले लोविबाँड असा हिशोब ठेवतो, माझ्या २० लिटरला तो आकडा ३०,००० च्या आसपास बसतो, म्हणजे ५०० ची असेल तर ६० ग्रॅम, ३०० ची असेल तर १००. एकूण रंग साधारण १२ एसआरएम (बिअरच्या रंगाचं एकक) पडतो, स्टाइलची हद्द ९ ते १४ धरतात त्यात आरामात. पिशवीवर ईबीसी (रंगाचंच युरोपीय एकक) असेल तर आकडा खूप मोठा दिसतो, ५०० लोविबाँड म्हणजे जवळपास १३०० ईबीसी, तेव्हा आधी एकक बघा आणि मगच वजन करा. आणि वजनकाटा १ ग्रॅमचा तरी हवाच, स्वयंपाकघरातला ५-५ ग्रॅमने उड्या मारणारा काटा इथे उपयोगाचा नाही.

आता कधी टाकायची, यावर पाचवी आणि सहावी बॅच घालवली. पाचवीला बार्ली भरडून रात्रभर गार पाण्यात भिजवली, सकाळी गाळून ते काळं पाणी उकळीच्या शेवटच्या १० मिनिटांत ओतलं. रंग सुंदर आला, जळका वास अजिबात नाही, पण बिअर गोड लागायला लागली. एफजी (आंबून झाल्यावरची घनता) नेहमीसारखीच १.०११ होती, म्हणजे साखर काही वाढली नव्हती. माझं म्हणणं असं की क्रिस्टलच्या टॉफीसारख्या गोडव्याला आवरायला जो थोडासा कडक भाजलेपणा लागतो तोच मी काढून टाकला होता. काहीजण गार भिजवणं हाच एकमेव बरोबर मार्ग म्हणून सांगतात, स्टाउटमध्ये असेलही, रेड एलमध्ये मला नाही पटलं.

सहावीला ६० मिनिटांच्या मॅशमध्ये (धान्य गरम पाण्यात भिजवतात ती पायरी) शेवटची १५ मिनिटं उरली तेव्हा बार्ली वरून पसरून ढवळली. हेच माझं आता कायमचं झालंय. कडा बोथट होतात, कोरडेपणा राहतो. ही पद्धत घेतली तर भरड नेहमीसारखीच ठेवा. एकदा मी कॉफी ग्राइंडरमध्ये पार पीठ केलं होतं, रंग वाढला पण त्याबरोबर तुरटपणाही आला आणि गाळताना काळा चिखल वर तरंगत राहिला. पीएचची फार चिंता करू नका, चार किलो धान्यात ६० ग्रॅमने तो जेमतेम हलतो, त्यामानाने तुमचं पाणी किती क्षारयुक्त आहे याने कितीतरी जास्त फरक पडतो.

सातवीला क्रिस्टल २०० वरून १५० वर आणली, ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०४३, फर्मेंटेशन म्हणजे आंबवणं १९ डिग्रीला. आतापर्यंतची सगळ्यात चांगली हीच, आधी हलकं बिस्किट, मग टॉफी, आणि मग एकदम स्वच्छ कोरडा शेवट, लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटतो.

टरफल काढलेलं काळं माल्ट पण एका छोट्या ५ लिटरच्या ट्रायलमध्ये वापरून पाहिलं. फक्त रंगच पाहिजे असेल तर छान आहे, शेवट मात्र मऊ राहतो, मला तो नको होता.

एक कळकळीने सांगतो, फर्मेंटरमधला रंग बघून घाबरून जाऊन पुढच्या बॅचची बार्ली कमी-जास्त करू नका. एवढ्या जाडीतून आणि यीस्ट तरंगत असताना ती गढूळ काळसरच दिसते. आणि चव तिसऱ्या आठवड्यात ठरवू नका, माझी सहावी बॅच तेव्हा जरा टोकदार लागत होती, सातव्या आठवड्यात तीच बाटली उघडली तर भाजलेपणा मागे सरकून माल्ट पुढे आलेलं. आठव्या बॅचला हाच हिशोब ठेवून फक्त मॅशचं तापमान ६७ वरून ६५ करून बघणार आहे.